नायकाच्या मागची मुंबई

जुना हिंदी चित्रपट पाहताना माझी नजर नायकावर फार वेळ ठरत नाही. तो बोलत असतो, ती लाजत असते आणि मी त्यांच्या खांद्यांवरून मागचा रस्ता न्याहाळत असते. दुकानाच्या पाटीवरची अर्धीमुर्धी अक्षरं, गॅलरीच्या कठड्याची नक्षी, बसथांब्याचा खांब, लांबवर दिसणारा एखादा मनोरा. चित्र तिथेच थांबवायचं, तपशील वहीत उतरवायचे, त्या दृश्याची छापील प्रत काढायची आणि सुट्टीच्या दिवशी ती जागा शोधायला निघायचं, हा माझा कित्येक वर्षांचा छंद. निघायचं ते भल्या सकाळी. फोर्ट आणि गिरगावातले रस्ते, फुटपाथ, इमारतींचे तळमजले मोकळे दिसतात ते तेवढ्याच वेळात.

ही शोधाशोध केवळ नशिबावर चालत नाही, तिची एक रीत आहे. आधी बघायचं ते जागचं न हलणारं : राजाबाई टॉवर, मलबार हिलचा चढ, चौपाटीचा वाक, रस्त्याचं वळण. इमारती पडतात, त्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या राहतात, पण रस्त्याचं वळण सहसा बदलत नाही. मग सावल्या बघायच्या. मरीन ड्राइव्हवर त्या समुद्राकडून इमारतींकडे लांबल्या असतील, तर चित्रीकरण दुपार कलल्यानंतरचं. आणि मग काळ. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली, त्यामुळे पडद्यावर ट्राम धावताना दिसली की ते दृश्य त्याआधीचं. काळा घोडा चौकात घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड दिसला तर 1965 च्या आधीचं, कारण त्या वर्षी तो पुतळा तिथून उचलून राणीच्या बागेत नेला. आज त्या चौकात उभा असलेला, पाठीवर स्वार नसलेला घोडा 2017 चा. आणि मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला एअर इंडियाची इमारत दिसली तर 1974 च्या आसपासचं किंवा नंतरचं. 1956 च्या ‘सीआयडी’त जॉनी वॉकर घोडागाडीतून मुंबईचं गाणं गात जातो, तेव्हाच्या मरीन ड्राइव्हला नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींची ही भिंत नाही. समुद्रात भर घालून ती जमीन अजून तयार व्हायची होती. ते मोकळं आकाश पाहिलं की मी प्रत्येक वेळी थबकते.

या भटकंतीतून हळूहळू लक्षात आलं की माझ्या यादीतल्या जागांचे चार प्रकार पडतात. काही ठिकाणी चित्रपटही आहे आणि जागाही आहे. काही ठिकाणी चित्रपट आहे, जागा गेली. काही ठिकाणी जागा आहे, चित्रपट गेला. आणि काही ठिकाणी दोन्ही गेले.

पहिल्या प्रकारातलं माझं आवडतं ठिकाण म्हणजे ओव्हल मैदान. बासू चॅटर्जींच्या 1979 च्या ‘मंझिल’मध्ये अमिताभ बच्चन आणि मौसमी चॅटर्जी भर पावसात दक्षिण मुंबईभर हिंडतात. के. के. महाजनांच्या कॅमेऱ्याने टिपलेली ती ओली मुंबई मी किती वेळा पाहिली असेल! एका जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, छत्री आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं छायाचित्र घेऊन मी ओव्हलच्या कडेने चालत होते. राजाबाई टॉवर आणि झाडांचे शेंडे छायाचित्रातल्यासारखे जुळेपर्यंत चार पावलं मागे, दोन बाजूला, पुन्हा थोडं पुढे. आणि मग एका क्षणी सगळं जुळलं. 1878 मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा, शेजारची विद्यापीठाची आणि हायकोर्टाची दगडी शिखरं, पायाखालची लाल चिखलवाट. कॅमेरा असाच कुठेतरी जवळपास उभा असणार, एवढं कळायला पुरेसं. तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही, पण त्यासाठी मी कुठल्याही पावसात निघायला तयार असते.

ओव्हल उरलं ते मात्र आपोआप नाही. मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यामागे अनेकांनी वर्षानुवर्षं केलेली राखण होती. जागा टिकते ती कुणीतरी तिच्यासाठी उभं राहिल्यामुळेच.

दुसऱ्या प्रकारातली जागा मनाला जास्त लागते. बासूदांच्याच ‘छोटी सी बात’मध्ये अमोल पालेकर, विद्या सिन्हा आणि असरानी जेवायला बसतात ते जहांगीर कलादालनातल्या ‘समोवार’मध्ये. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा. 1964 मध्ये सुरू झालेलं हे उपाहारगृह 2015 च्या मार्चअखेर बंद झालं. चित्रं बघून झाल्यावर तिथे बसायचं, एका चहावर तासभर गप्पा मारायच्या, शेजारच्या टेबलावर एखादा नामवंत चित्रकार बसलेला असायचा आणि कुणी त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, अशी ती जागा होती. पालेकर स्वतः जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेले, त्यामुळे त्या दृश्यात त्यांचा वावर मला कधी अभिनय वाटलाच नाही. आता जहांगीरमध्ये गेले की मी त्या बाजूला वळून बघते. टेबलं कशी मांडलेली असत, उजेड कुठून येई, वाढपी किती जवळून जाई, हे सगळं आता त्या दृश्यात पाहायचं. बासूदांना एका लाजऱ्या नोकरदार तरुणाची प्रेमकथा सांगायची होती. ती सांगता सांगता त्यांनी ‘समोवार’ची नोंदही करून ठेवली.

याच प्रकारात मी गिरगावातलं कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ धरते. 1911 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी गिरगावातल्याच अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने ते झपाटले. दोनच वर्षांनी, 3 मे 1913 रोजी, सँडहर्स्ट रोडवरच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मधल्या काळात दादरला घरातच स्टुडिओ, घरातच रसायनं, पत्नी सरस्वतीबाईंच्या हातांनी रात्र रात्र चाललेलं फिल्मचं काम आणि मंडळींचा स्वयंपाक. बाहेरच्या दृश्यांसाठी सगळा लवाजमा वांगणीला गेला, तेव्हा भाले-तलवारी घेतलेली ती माणसं पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तरी आज पाहता येतो. कोरोनेशन मात्र राहिलं नाही. सँडहर्स्ट रोडला आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. त्या रस्त्यावरून मी जुना नकाशा हातात धरून चालले आहे. हार्डवेअरची दुकानं, हातगाड्या, टेम्पोतून उतरणारा माल. भारतीय चित्रपटाचा पहिला मराठी प्रेक्षक याच रस्त्याने चालत, पागोटं सावरत आला असेल, एवढं मनात आणलं तरी त्या गर्दीकडे बघण्याची माझी नजर बदलते.

तिसरा प्रकार याच्या उलट. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन बहुतेक मुंबईकरांनी लहानपणी पाहिलेली असते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1899 मध्ये तिथे एका कुस्तीचं चित्रीकरण केलं. भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत त्याची गणना होते, फाळक्यांच्या चौदा वर्षं आधी. ती फिल्म आता नाही. बाग आहे. तिथे मी हिरवळीच्या कडेला बसून राहिले, तेव्हा दोन लहान मुलं गवतावर झोंबाझोंबी करत होती आणि त्यांची आई ओरडत होती, ‘‘अरे, कपडे खराब होतील!’’ जागा पाहून कुस्ती दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी जिथे कॅमेरा भारतीय हातात येऊन चालू लागला त्या उंचवट्यावर आपण बसलो आहोत, याचं अप्रूप कमी होत नव्हतं.

काळा घोड्यावरचं वॉटसन हॉटेलही याच ओळीत थोडं वेगळं उभं आहे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसाने तिथे एक रुपया तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. भारतात चित्रपट पोचला तो त्या संध्याकाळी. बिडाच्या सांगाड्यावर उभारलेली ती इमारत पुढे एस्प्लनेड मॅन्शन झाली, जीर्ण झाली आणि 2019 मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. तिथे दाखवलेल्या चित्रफिती जगात जपून ठेवलेल्या आहेत. इमारतीचं तसं झालं नाही.

आणि चौथा प्रकार. ‘आलम आरा’. अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने केलेला हा पहिला भारतीय बोलपट. स्टुडिओ केनेडी पुलाजवळ, रेल्वेमार्गाच्या कुशीत. दिवसभर गाड्यांचा खडखडाट, म्हणून चित्रीकरण रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर करावं लागे. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा, लपवून ठेवलेले मायक्रोफोन, आणि पहाटेची पहिली गाडी यायच्या आत काम उरकण्याची घाई. 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला तेव्हा तिकिटांसाठी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आज ‘आलम आरा’ची एकही प्रत माहीत नाही, काही छायाचित्रं तेवढी उरली. इंपीरियल नाही. मॅजेस्टिकही नाही, तिथे दुकानांची मोठी इमारत आहे. केनेडी पुलावर उभी राहिले तेव्हा त्या काळातलं एकच काही माझ्या हाती लागलं : खालून ग्रँट रोडकडे जाणाऱ्या लोकलचा खडखडाट. जो आवाज इराणींची माणसं चुकवत होती, तोच तेवढा टिकला आहे.

त्याच सकाळी मी मॅजेस्टिकच्या जागेपाशी आले. माझ्याजवळ दृश्य नव्हतं, कारण चित्रपटच नव्हता. जुळवून बघायला इमारतही नव्हती. शेजारच्या पायरीवर पेपर वाचत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारलं, ‘‘काका, मॅजेस्टिक थिएटर नेमकं कुठे होतं, सांगाल का?’’

त्यांनी चष्मा काढला. ‘‘कशाला हवंय तुम्हांला?’’

मी कारण सांगितलं. ते उठले. ‘‘या, दाखवतो.’’ आणि मग रस्त्याच्या कडेने चालत त्यांनी मला सगळं थिएटर उभं करून दाखवलं. इथे तिकिटाची खिडकी, स्वस्तातल्या तिकिटाची रांग या बाजूने, इथे मध्यंतरात दाणेवाला बसायचा. वडील त्यांना खांद्यावर घेऊन आत शिरायचे ते या अंगाने. शेवटचा खेळ सुटला की लोक बाहेर पडायचे आणि ट्रामची घंटा ऐकू यायची. ‘‘वडिलांनी बोलपट पहिल्यांदा पाहिला तो इथे,’’ ते म्हणाले. ‘‘पडद्यावरचा माणूस बोलला तेव्हा मागे वळून कोण बोललं ते बघितलं होतं म्हणे.’’ मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. मॅजेस्टिक बुक स्टॉलचं नाव या थिएटरवरूनच पडलं. चित्रपटगृह गेलं, पण त्याचं नाव पुस्तकांच्या मलपृष्ठांवर घरोघर पोचलं.

त्या गृहस्थांबरोबर घालवलेला अर्धा तास माझ्या या सगळ्या भटकंतीत सर्वांत मोलाचा आहे. शहर आणि चित्रपट एकमेकांची साक्ष देतात, असं मी मानत आले होते. इमारत पडली तर पडद्यावर ती सापडते, फिल्म नष्ट झाली तर जागा निदान पत्ता सांगते. पण दोन्ही गेल्यावर साक्ष द्यायला माणूसच उरतो, आणि माणसाजवळ वेळ सगळ्यांत थोडा असतो. मेट्रोच्या गिरगाव स्थानकासाठी जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरच्या कितीतरी जुन्या इमारती पाडल्या गेल्या, चाळी पुनर्विकासात जात आहेत, रहिवासी लांबच्या उपनगरांत विखुरत आहेत. ज्यांना खिडकीतून थिएटरची रांग दिसायची, ती माणसं आता त्या खिडकीपासून दूर राहतात.

म्हणून आता मी छायाचित्राबरोबर आवाज नोंदवण्याची सोयही घेऊन जाते. जागा सापडली की आसपासच्या सर्वांत जुन्या दुकानात शिरते आणि विचारते. सांगितलेलं तारीख घालून लिहून ठेवते आणि जमेल तिथे दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून बघते. तुमच्या गावातही एखादी टुरिंग टॉकीज असेल, बंद पडलेलं चित्रपटगृह असेल, चित्रीकरणाला आलेल्या एखाद्या नटीला पाणी दिलेली आजी असेल. तिच्याकडे या आठवड्यात जा. विहीर कोणती, वाडा कुठला, कॅमेरा कुणीकडे तोंड करून उभा होता, हे तिला विचारा आणि ती सांगेल त्यातला एकही तपशील किरकोळ समजू नका.