अम्मींची खोली

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून विजापूर पाहायला जायचं ठरलं. हॉटेल निवडताना मुलांना एसी हवा होता, मी दर पाहत होतो. अम्मी गप्प होत्या. विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "बेटा, कमोड असू दे. जिना नको."

गेल्या सहलीत त्या दिवसभर पाणी का पीत नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं.

फोनवर विचारून तळमजल्याची साधी खोली घेतली. कमोड होता, मुसल्ला अंथरायला जागाही होती.

गोल घुमटाचे अरुंद, उंच जिने मुलं चढली. अम्मी खाली मुहम्मद आदिलशाहांसाठी फातिहा पढत बसल्या. वरून नातवंडांच्या हाका पुन्हापुन्हा घुमत आल्या. अम्मी हसल्या आणि पाण्याची बाटली मागितली.