स्लॅबमधली कौलं

कोकणात जुनं घर उतरवलं की मंगलोरी कौलांचा ढीग परड्यात पडून राहतो. थोडी कुणी गोठ्यासाठी नेतो, उरलेली पावसाळ्यात वाटेवरच्या चिखलात भरीला जातात. मी ती नव्या घराच्या स्लॅबमध्ये घालतो. पहिल्यांदा हे ऐकणारा मिस्त्री म्हणतोच, "साहेब, काँक्रीटमध्ये कौल? स्लॅब टिकंल काय?"

शंका रास्त आहे, आणि 'नवीन पद्धत आहे' हे तिचं उत्तर नव्हे. वरून भार आला की स्लॅबचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट झेलतं, ताण सळ्या झेलतात. सळ्यांभोवती काँक्रीट हवंच, नाहीतर त्या गंजतील. पण जाळीच्या दोन सळ्यांमधल्या चौकोनात, खालच्या बाजूला, ते नुसतं वजन असतं. तिथे कौल बसवायचं. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो.

केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. भिंतीतही त्यांनी तेच केलं: विटा काठावर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी त्यांची भिंत सुमारे २५ टक्के विटा वाचवते. वेगळं काही करून दाखवायची हौस त्यामागे नव्हती. ही वीट इथे कशासाठी, हा गिलावा कशासाठी, असं ते प्रत्येक गोष्टीला विचारत. चाकोरी मोडायची ती अशा प्रश्नाने, असं माझं ठाम मत आहे.

कौलं आधी पाण्यात भिजवावी लागतात. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतं. दोन कौलं एकावर एक ठेवली की मध्ये हवा कोंडते आणि वैशाखातली धग खाली कमी उतरते. कौलं सळीला टेकू द्यायची नाहीत. खालून गिलावा नसल्याने कौलं दिसणार, हे कळल्यावर अशीच शंका काढणाऱ्या एका मिस्त्रीने दोरी धरून एकेक रांग सरळ करून घेतली. तशी सूचना मी केलीच नव्हती. पुढे झुकलेल्या बाल्कनीत मात्र मी कौल घालत नाही. तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणजे सगळं गणितच उलटं.

घर उतरवणार असाल तर कौलं फोडू नका. आधी तुमच्या इंजिनिअरला विचारा, यातली किती स्लॅबमध्ये बसतील.