सोळा पानांचा ठेका

गाळपाचा हंगाम सुरू झाला की माळीनगरकडून सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरला येणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर दिसण्याआधी त्याच्यावरचं गाणं ऐकू येतं. मागून उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या येतात. बैलगाडी असेल तर घुंगरमाळ आधी येते आणि गाडी मागून. कारखान्याचा भोंगा पाळी बदलल्याचं सांगतो. रात्री देवळात पेटी आणि पखवाज जुळू लागतात, लग्नसराईत हलगी कडाडते. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजचा मुक्काम हलवून, माळीनगरचं उभं रिंगण आटोपून बोरगावच्या मुक्कामाकडे निघते, तेव्हा तर हा सगळा पट्टाच टाळांच्या आवाजानं भरून जातो.

अशा गावातल्या शाळेच्या मुलांनी संगीताचा एक अंक काढायचं मनावर घेतलं, तर तो अंक दिसावा कसा? हा प्रश्न मला फार ओढ लावतो. मजकुराची चिंता नाही, तो बांधाबांधावर पडलेला आहे. अवघड आहे ते त्याचं रूप ठरवणं: अक्षर कोणतं, रंग किती, चित्र कुठे, मोकळी जागा कुठे. मोबाइलवर ‘संगीत’ शोधलं की गिटार, हेडफोन, काळ्या पार्श्वभूमीवर झगमगणाऱ्या निळ्या-जांभळ्या लाटा पुढ्यात येतात. मुलं साहजिकच त्यांतलं एखादं चित्र उचलतील. पण त्या लाटांना ना हलगीचा ताण ठाऊक, ना उसाच्या फडातली धूळ. मला मनापासून वाटतं की संगीताच्या अंकाचं रूप आधी कानांनी ठरवावं. गावात जे वाजतं ते नीट ऐकावं, त्याची चाल ओळखावी आणि मग कागदावर रेघ मारावी.

आवाजाला दिसतं रूप देण्याची धडपड आपल्याकडे नवी नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकलेल्या या माणसानं 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी बसवली. गाण्याची पुस्तकं छापायची म्हणून पुढे छापखानाही घातला. ज्याला स्वतःला नीट दिसत नव्हतं, त्यानं इतरांना गाणं डोळ्यांनी वाचता यावं म्हणून आयुष्य वेचलं. संगीतशास्त्रकार विष्णू नारायण भातखंडे यांनी वेगळी लिपी केली, आणि तिच्या खुणा आज शाळकरी विद्यार्थ्यालाही समजतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली; खालीला, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडतात त्या मात्रेला, शून्य. एवढ्या चार-दोन खुणांत अख्खी बंदिश मावते. पानाची मांडणी कशाला म्हणतात, हे शिकायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आणि कारखान्याच्या गावातून अंक निघणं म्हणाल, तर त्याचाही मोठा दाखला आहे. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं. कारखान्याच्या वसाहतीतलं हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घराघरांत गेलं. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते. वाचण्याइतकंच पाहण्याचं सुख त्यांनी वाचकाला दिलं. श्रीपूरही कारखान्याच्या अंगाखांद्यावर वाढलेलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं कारखाना उभारला तो इथेच, आणि पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथलाच. नांगर आणि यंत्रं घडवणाऱ्या वाडीतून जर असं मासिक निघू शकलं, तर साखरेच्या गावातून संगीताचा अंक का निघू नये?

आता प्रत्यक्ष कागद हातात घेऊ. साधा ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात. असे चार कागद एकात एक घालून घडीवर दोन पिना मारल्या की सोळा पानांचा अंक तयार. झेरॉक्सच्या दुकानात होणारं हे काम आहे. आणि इथेच तबला शिकणाऱ्या मुलाचे डोळे चमकावेत, कारण सोळा हा तीनतालाचा आकडा. चार-चार मात्रांचे चार विभाग, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. हाच हिशेब अंकाला लावून पाहा. मुखपृष्ठ ही सम. पाचव्या पानावर दुसरा विभाग उघडेल, तेराव्यावर शेवटचा. सोळा पानांच्या अंकात पिना दिसतात ते मधलं जोडपान आठ-नऊचं असतं. म्हणजे खाली येते ती बरोबर अंकाच्या मध्यावर. आणि सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एकाच बाजूवर शेजारीशेजारी छापलं जातं ते सोळावं आणि पहिलं पान. सोळावी मात्रा संपताच सम यावी, तशी ही दोन पानं एकाच कागदावर खांद्याला खांदा लावून उभी असतात. कागदाच्या घडीनं आपणहून दिलेली ही लय मला या सगळ्या बेतातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

मग पानं आपोआप लागत जातात. दोन ते चार, गावातले आवाज: ट्रॅक्टर, भोंगा, घुंगरमाळ, हलगी. पाच ते आठ, गाणारी-वाजवणारी माणसं. दहा ते बारा, वाद्यं आणि ती जिथून येतात ती शेतं. तेरा ते पंधरा, स्वरलिपीत उतरवलेली एखादी चाल, वाचून वाजवता येईल अशी. आणि नववं पान? ते जवळजवळ मोकळं ठेवावं. खालीवर तबल्याचा बायाँ गप्प होतो, म्हणून तर समेची चाहूल लागते. मुलं म्हणतील, जागा फुकट जाते. त्यांना हातानं ताल धरायला लावावं. हात उलटा करून हवेत सोडलेली ती मात्रा त्यांनी धरली, की पानावरची मोकळी जागा कशासाठी असते हे कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

सहा-सात हे जोडपान दिंडीचं. दिंडीची रचना मुळातच पानाची रचना आहे. पुढे पताका, मागे समोरासमोर दोन रांगांत टाळकरी, त्यांच्यात मृदंगी, मागे वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. एक रांग डाव्या पानावर, दुसरी उजव्या पानावर, दोघींची तोंडं घडीकडे. झेरॉक्सवर दोन वेगळ्या कागदांवरची चित्रं सूतभर वर-खाली होतातच. मधल्या वाटेची जागा रिकामी असल्यामुळे इथे ते खटकणार नाही. आठव्या पानावर एकटा वीणेकरी, भरपूर मोठा, आणि त्याच्या समोर ते मोकळं नववं पान.

अक्षरांकडे वळू. संगणकावर मजकूर लावायचा तर ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फाँट मोफत मिळतो, वाचायला स्वच्छ आहे. जाड शीर्षकांसाठी त्यांचाच गुबगुबीत ‘बलू’ आहे. एका अंकाला एवढी दोन वळणं पुरेत. पण स्वरलिपीचं पान लावताना देवनागरी आपली परीक्षा घेते. तार सप्तकाचं टिंब स्वराच्या डोक्यावर द्यायचं, तर ‘रे’च्या डोक्यावर आधीच मात्रा आहे आणि ‘नी’वर वेलांटीची कमान. खाली कोमलाची रेघ आणि एका मात्रेत दोन स्वर बांधणारा अर्धचंद्र, दोघंही एकाच जागेसाठी भांडतात. उपाय सोपा आहे. दोन ओळींत नेहमीच्या दुपटीनं अंतर सोडायचं, फक्त स्वरांची अक्षरं छापून घ्यायची, आणि टिंबं, रेघा, अर्धचंद्र मूळ प्रतीवर काळ्या पेननं हातानं भरायचे. मग त्या प्रतीच्या झेरॉक्स काढायच्या. छापील अक्षर आणि हाताची खूण एकत्र आली की पान जिवंत दिसतं.

अंकाचं नाव मात्र फाँटमधून घेऊ नये. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं जाहिरातीत रेखली, तेव्हा अक्षराच्या वळणावरूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. तशी नजर आपल्या भागातही आहे. ट्रॉलीच्या फाळक्यावर, बँडच्या गाडीवर, दुकानाच्या पाटीवर नावं रंगवणारे पेंटर ब्रशच्या एका झटक्यात ‘श्री’ काढतात. पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली होती, हे मुलांना सांगावं. रस्त्यावरची रंगवलेली अक्षरं हा कलेचा उंबरठा असतो. मुलांनी एखाद्या पेंटरकाकांकडे बसून ब्रश धरायला शिकावं आणि शीर्षक स्वतः लिहावं, चारचौघांत ठेवल्यावर दुरून वाचता येईल असं.

रंग दोनच घ्यावेत, बुक्क्याचा काळा आणि कुंकवाचा लाल. वारकऱ्याच्या कपाळी बुक्का, लावणी गाणारीच्या कपाळी कुंकू, आणि पूजेच्या दिवशी हलगीच्या चामड्यावरही कुंकवाचीच बोटं. दोन रंगांत या भागातलं बहुतेक सगळं संगीत सामावतं. काळा झेरॉक्सवर होईल, मुखपृष्ठावरचा लाल लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्क्रीन प्रिंटिंगनं उठेल. रंग कमी म्हणून अंक फिका पडतो असं समजू नये. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट कंपनीच्या जॅझ रेकॉर्डसाठी रीड माइल्स यांनी 1950 आणि 60च्या दशकांत केलेली कित्येक वेष्टनं फ्रान्सिस वुल्फ यांचं एखादं काळंपांढरं छायाचित्र, एखादा रंग आणि ठसठशीत अक्षरं एवढ्यावरच उभी आहेत. आज जगभरचे चित्रकार ती अभ्यासतात. 1976 मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेत कारकुनी करणाऱ्या तरुणानं ‘स्निफिन ग्लू’ हा पंक संगीताचा अंक काढला. शीर्षकं स्केचपेननं लिहिलेली, मजकूर टाइप केलेला, छपाई झेरॉक्सची. त्या संगीताचा खरखरीतपणा पानावर जसाच्या तसा उतरला होता. दोन्हीकडे रूप त्या त्या संगीताला धरून ठरलं, म्हणून एकाचं काम दुसऱ्यासारखं दिसत नाही.

मुखपृष्ठावर मला भोपळा हवा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण त्या तंबोऱ्याचा जो गोल, घुमणारा भोपळा, तो सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शेतांत पिकतो, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. वेलीवर मातीत टेकलेला भोपळा, वाळून कडक होतो, पोखरला जातो, आणि पुढे कुण्या मोठ्या गवयाच्या मागे षड्ज धरून उभा राहतो. चित्रात मातीचा काळा आणि भोपळ्यावर लालाची एकच रेघ, जणू पहिली तार. हे चित्र बघून एखाद्या शेतकऱ्याला आपल्या बांधावर संगीत पिकतं असं वाटलं, तर अंकानं पहिल्याच पानावर आपलं काम केलं.

लावणीचं पान, म्हणजे पाचवं, फार जपून करावं लागेल. अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेनं या कलेला घरच्या बायामाणसांसह बसून दाद देणारा प्रेक्षक दिला. तीच नजर कॅमेऱ्यात असावी. छायाचित्र घेण्याआधी विचारावं. गाताना तिचा चेहरा, बांधलेल्या घुंगरांचे पाय, ढोलकीवाल्याची बोटं, तुणतुण्याची ताणलेली तार, एवढं टिपावं. आणि प्रत्येक चित्राखाली नाव हवं. गायिकेचं नाव जेवढ्या टायपात, तेवढ्याच टायपात ढोलकीवाल्याचं, हलगीवाल्याचं, भजनातल्या पेटीवाल्या आजोबांचं. नावांचा आकार एकसारखा ठेवणं हासुद्धा मांडणीचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. वर्षानुवर्षं वरातीत ज्याच्यापुढे लोक नाचले त्याचं नाव कुणी विचारलं नसेल, तर ते छापील अक्षरांत पाहण्याचा मान मुलांच्या अंकानं त्याला द्यावा.

म्हणूनच मजकुराचा टाइप थोडा मोठा घ्यावा, चाळिशी लावलेल्या टाळकऱ्यालाही मंदिरातल्या दिव्याखाली वाचता येईल इतका. त्यानं दोन परिच्छेद कमी बसतील, तर बसू देत. अंक ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो वाचता आला पाहिजे, ही अट मला कुठल्याही सजावटीपेक्षा मोठी वाटते. सोळाव्या पानावर मुलांची नावं असावीत, आणि प्रत्येकापुढे त्यानं काय केलं ते: कुणी ऐकलं, कुणी लिहिलं, कुणी चित्र काढलं, कुणी घडी घातली. ऐकणाऱ्याचं नाव सर्वांत आधी, कारण बाकीच्यांच्या हातांना काम त्याच्या कानांनी दिलेलं असेल. संगणक उघडायला घाई करू नये. या हंगामात मुलांनी एक वही आणि पेन्सिल घेऊन रस्त्याकडेला बसावं, काय ऐकू आलं त्याची रोज नोंद करावी, आणि ती वही भरली की पहिला कागद दुमडावा.