इंग्रजीला वळसा घालून जपानी

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून जाते आणि जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यात जुलै-डिसेंबरला होते. राइस मिलच्या गोंदियात घरबसल्या जपानी शिकणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला गाडी तरी थेट मिळाली. शिकवणी नव्हती. हाताशी 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक आणि इंग्रजीतून समजावलेलं व्याकरण.

ते इंग्रजी लवकरच लुडबूड करू लागलं. क्रियापद शेवटी येतं, हे मराठी माणसाला कशाला सांगायचं? 'गोंदियाहून पुण्याला रेल्वेने जाते' हे वाक्य क्रम न हलवता उतरतं: 'गोंदिया कारा पुने ए देन्श्या दे इकिमासु'. हून, ला, ने. कारा, ए, दे. वर जातो-जातेची भानगडच नाही, 'इकिमासु' सगळ्यांना एकच.

खरी मजा १४व्या धड्यानंतर. तिथे क्रियापदाचं 'ते' रूप भेटतं: ताबेरुचं ताबेते, काकुचं काइते, योमुचं योंदे. काकुच्या चालीने इकुचं 'इइते' व्हायला हवं, होतं 'इत्ते'. एवढं घोकावंच लागतं. पण त्यापुढे मिरु (पाहणे) जोडलं की 'ताबेते मिरु', खाऊन पाहणे. ओकु (ठेवणे) जोडलं की 'काइते ओकु', लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु', घेऊन येणे. 'पुढच्या सोयीसाठी आधीच केलेली क्रिया' असली व्याख्या 'पाहुणे येतील, पाणी भरून ठेव' म्हणणाऱ्या घरात कोणाला हवी? 'ताबेते शिमात्ता' तर बेरकी आहे. कधी त्याचा अर्थ 'खाऊन टाकलं', कधी हळहळत 'खाऊन बसले'. इंग्रजी टिपणात यासाठी अर्धं पान जातं.

'वा' आणि 'गा' या प्रत्ययांपाशी मात्र मराठीही हात टेकते. 'कोण आलं?' विचारताना 'दारे गा', तिथे 'वा' चालत नाही. 'वा'च्या जागी मराठी 'तर' घालून पाहिलं की निम्मी वाक्यं सुटतात. उरलेली उदाहरणं वाचून वाचूनच अंगवळणी पडतात.

जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, सगळे पर्यायी प्रश्न. त्यामुळे एकट्याने शिकणारा तोंड न उघडता पास होऊ शकतो, आणि ही लबाडी लेखिकेला सलते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं आपसात जपानी बोलतात, अशा बातम्या २०२० साली आल्या होत्या. गोंदियात समोर बोलायला कोणी नाही. म्हणून एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे मोफत ऑडिओ धडे मध्येच थांबवून ती मोठ्याने उत्तरं देते. त्यातलं समजावणं हिंदीतही मिळतं, आणि हिंदी तर गोंदियाच्या बाजारात रोजचीच.