गोधडीची घडी

घडी हा आपल्या भाषेत मोठा मानाचा शब्द आहे. संसाराची घडी बसते, कामाची घडी लागते, आणि नवी साडी प्रथम नेसायची झाली म्हणजे आपण तिची घडी मोडतो. परंतु याच घडीने कापडाला इजाही होते, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. वर्षानुवर्षे जपून ठेवलेली गोधडी एखाद्या दिवशी उलगडली म्हणजे ते ध्यानात येते.

माझ्या आईच्या हातची शेवटची गोधडी गेल्या वर्षी कतारगामला माझ्याकडे आली. माझे माहेर धुळे जिल्ह्यातले. पोटासाठी खानदेशातून सुरतेला येऊन इथलीच झालेली जी असंख्य मराठी कुटुंबे आहेत, त्यांतलेच आमचे एक. आई गेल्यानंतर ही गोधडी भावाच्या घरी ट्रंकेत तळाशी, इतर पांघरुणांच्या भाराखाली राहिली. ती कोणी वापरू नये असे सर्वांनाच वाटे, आणि त्या वाटण्यात मायाच होती. तीत आईची तीन लुगडी आहेत, वडिलांचे एक धोतर आहे, आम्हां भावंडांच्या परकर-सदऱ्यांचे तुकडे आहेत. लेक बाळंतपणाला यायची होती. बाळाच्या अंगाखाली पणजीच्या हातची गोधडी असावी, एवढीच इच्छा.

उलगडून पाहिली तो घडीचे वळ आडवे-उभे स्पष्ट उमटलेले. जिथे दोन वळ एकमेकांस छेदत होते तिथे कापड टोकासारखे वर आले होते, आणि एका निळ्या इरकली तुकड्याचे सूत नेमके घडीच्या रेषेवर विरले होते. त्या लुगड्याचा आता तेवढाच तुकडा उरला आहे. इस्त्री फिरवून भागण्यासारखे ते काम नव्हते.

वळ का पडतो हे समजले म्हणजे उपायही आपोआप समजतो. कापसाचा तंतू हवेतला ओलावा शोषून घेतो. ओलाव्याने तंतूच्या आतले बंध सैल होतात. त्याच स्थितीत तो दुमडून, दाबाखाली राहिला आणि वाळला, की ते बंध नव्या वाकणात पुन्हा घट्ट बसतात. सुरतेसारख्या दमट गावात हे दर पावसाळ्यात घडते. गोधडीत कापडाचे थर अनेक, त्यामुळे घडीच्या बाहेरच्या बाजूला ताण अधिक पडतो. तोच ताण वर्षानुवर्षे त्याच धाग्यांवर पडत राहिला की धागे थकतात आणि तुटतात.

आमच्या शेजारी एक वृद्ध गुजराती बाई राहतात. त्यांचे सारे आयुष्य जरीच्या कामात गेले. जरीच्या धाग्यावर धातू असतो आणि एकाच घडीत राहिला तर तो तिथे चिरतो, म्हणून जरीची साडी अधूनमधून उलगडून निराळ्या घडीत ठेवावी, हे इथल्या घरोघरी ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, “कापडाला एकाच कुशीवर फार दिवस निजवू नये.” शालूसाठी आपण हा खटाटोप आनंदाने करतो; गोधडीसाठी तो करावा हे मात्र सुचत नाही.

त्यांच्याच सल्ल्याने आम्ही कामाला लागलो. प्रथम पांढरे ओले फडके एकेका रंगावर दाबून पाहिले. रंग सुटत असता तर पाण्याचा विचारच सोडावा लागला असता. विरलेल्या तुकड्यावर जुन्या मलमलीचा पातळ पदर सैल टाक्यांनी धरला. मग गोधडी पलंगावर स्वच्छ चादरीवर सपाट पसरली. वळांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला आणि तळहाताने धावदोऱ्याच्या दिशेने हलकेच सारखे केले. ओढाताण अजिबात केली नाही. पंख्याखाली ती पूर्ण वाळेपर्यंत तशीच राहू दिली. दोन वेळा हे केल्यावर बहुतेक वळ निवळले. मधला एक पुसटसा राहिला आहे. तो राहू द्यावा, त्याच्यासाठी जुन्या सुताशी झटू नये.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. आता गोधड्या पॉलिएस्टरच्या साड्यांच्याही होतात, आणि सुरतेत तर अशा साड्यांना तोटा नाही. हा धागा पाणी फारसे पीत नाही. तो वळतो तो उष्णतेने. त्यावर पाण्याचा फवारा मारून विशेष उपयोग नाही. वर दमट फडके पसरून, अगदी मंद इस्त्री न रेटता टेकवावी. घडीवरच तापलेली इस्त्री दाबली तर वळ कायमचा बसतो, आणि ती फार तापलेली असली तर कापडच वितळते.

वळ पडूच नये म्हणून करायचे ते सोपे आहे. जागा असेल तर रिकाम्या पलंगावर गोधड्या पसरून ठेवाव्यात. नसेल तर जाड नळीवर धुतलेले सुती कापड गुंडाळून त्यावर गोधडीची वळकटी करावी. घडीच घालायची तर प्रत्येक वाकणात मऊ कापडाची गुंडाळी ठेवावी, म्हणजे वाकण गोल राहते, धारदार होत नाही. गोधडी पूर्ण कोरडी असावी, वर भार नसावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो. जुन्या चादरीची खोळ उत्तम. लोखंडी ट्रंकेत गंजाचे डाग पडतात, तेव्हा आतून सुती कापड घालावे.

आणि घडी बदलावी. एकदा दोन पदरी, पुढच्या वेळी तीन पदरी. एकदा उजवी बाजू आत, एकदा बाहेर. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून आमच्याकडे आखाजी, दसरा आणि संक्रांत हे तीन दिवस ठरले आहेत. दसऱ्याला पावसाची ओल सरलेली असते. संक्रांतीचे काम मात्र आम्ही चार दिवस आधीच उरकतो, कारण उत्तरायणाचे दोन दिवस सुरतेतल्या गच्च्या पतंगांच्या मालकीच्या असतात आणि गोधडी सावलीत पसरायलाही तिथे जागा मिळत नाही.

नातू आता पालथा पडू लागला आहे. दुपारचा तासभर तो पणजीच्या गोधडीवर असतो, खाली मेणकापड आणि वर धुतलेले दुपटे घालून. बाकीचा वेळ ती खोळीत असते. खोळीला लेकीने एक चिठ्ठी टाचली आहे. तीत सणाचे नाव आणि घडी कशी घातली तेवढेच लिहिलेले असते. पुढच्या वेळी जो कोणी उलगडील, त्याला विचारायला मी असलेच पाहिजे असे नाही.