राखून न ठेवलेला डाव

२०१४ साली ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाचा सिनेमा आला होता. संगीत ए. आर. रहमान यांचं, त्यामुळे आपल्याकडेही तो अनेकांनी पाहिला असेल. बेसबॉलसाठी चेंडू फेकणारी पोरं शोधायला भारतात आलेला एक अमेरिकन एजंट आणि त्याला सापडलेले उत्तर प्रदेशातले दोन तरुण, अशी ती गोष्ट. सिनेमा एजंटचा आहे. माझं लक्ष मात्र त्यातल्या एका दुय्यम पात्रावर राहिलं. बिल पॅक्सटन या नटाने रंगवलेला कॉलेजातला पिचिंग कोच. हा माणूस खरा आहे, नाव टॉम हाउस. सिनेमानंतर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. बेसबॉल मला अजूनही धड कळत नाही. हाउस मात्र थोडेफार कळले असं वाटतं.

खेळाचं कामापुरतं सांगतो. क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तो तिथे पिचर. पण त्याला धावत यायची मुभा नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभं राहायचं, पाय उचलायचा, पुढे टाकायचा आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे चेंडू थेट फेकायचा, टप्पा न देता. कोपर वाकवण्यावर आपल्याकडे पंधरा अंशांची मर्यादा आहे, तिथे काहीच नाही. चांगला पिचर ताशी १४५ किलोमीटर वेगाने फेकतो, तेव्हा फलंदाजाच्या हाती अर्धा सेकंदसुद्धा नसतो. हे सगळं एका खांद्यावर आणि एका कोपरावर. कोपराच्या आतल्या बाजूचा एक लहानसा अस्थिबंध तुटला की पूर्वी पिचर घरी बसायचा. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला आणि तो पुन्हा खेळला, १९८९ पर्यंत खेळला. आज त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉनचं नाव आहे. कॉलेजात शिकणारी मुलंही ती करून घेतात, यावरून या हातांवर काय गुजरतं ते कळावं.

हाउस स्वतः पिचर होते. डावखुरे, फार वेगवान नाहीत. १९७१ ते १९७८ एवढाच त्यांचा वरच्या दर्जाचा काळ. खेळाडू म्हणून त्यांचं नाव राहिलं ते मात्र त्यांनी फेकलेल्या चेंडूमुळे नव्हे, झेललेल्या चेंडूमुळे. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक आरन यांनी ७१५ वी होमरन मारली आणि बेब रूथ यांचा ७१४ चा विक्रम मोडला. आरन कृष्णवर्णीय, रूथ गोरे. विक्रम जवळ येऊ लागला तशी आरन यांना पोत्यांनी पत्रं येऊ लागली होती, शिव्यांची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची. (सकाळी मोबाईल उघडल्यावर आपल्याबद्दल काय काय वाचावं लागतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या पत्रांचा मजकूर सांगायला नको.) तो चेंडू मैदानाबाहेर जिथे पडला, तिथे आरन यांच्याच संघाचे राखीव पिचर उभे होते. हाउस यांनी तो झेलला. त्या चेंडूला त्या दिवशी मोठी किंमत होती. हाउस तो घेऊन पळत मैदानात गेले. तोवर आरन यांच्या आईने मुलाला घट्ट मिठी मारलेली. त्या गर्दीत शिरून त्यांनी चेंडू आरन यांच्या हातात दिला.

मला हा प्रसंग आवडतो, पण त्यावरून हाउसना संत ठरवायची माझी इच्छा नाही. ते कसे होते ते पुढे दिसतं.

खेळणं संपल्यावर त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९८५ मध्ये टेक्सास रेंजर्स या संघाचे पिचिंग कोच झाले. तिथे त्यांनी पिचरांना सरावासाठी अमेरिकन फुटबॉल फेकायला लावला. तो दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. लोक हसले. बेसबॉलच्या मैदानावर फुटबॉल! पण कारण साधं होतं. तो चेंडू नीट फिरत जातो तो हात योग्य जागी असेल तरच. हात चुकला की चेंडू हवेत डगमगतो. म्हणजे चूक कोचने दाखवायची गरज नाही, चेंडूच दाखवतो. त्याच काळात त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी पिचरांची हालचाल टिपून तपासायला सुरुवात केली. तेव्हाच्या जुन्या कोचांचा विश्वास डोळ्यांवर आणि अनुभवावर. यंत्र काय सांगणार, असा त्यांचा सूर. हाउस यांचं म्हणणं, डोळ्याला दिसतं ते आणि शरीर करतं ते यात फरक असतो. त्यांच्या संघात १९८९ ला नोलन रायन आले, वय बेचाळीस. या वयात पिचर नातवंडांशी खेळतो. रायन यांनी १९९० आणि १९९१ मध्ये, अनुक्रमे त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, समोरच्या संघाला एकही हिट न देता पूर्ण सामने काढले. १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हाच्या भाषणात त्यांनी हाउस यांचं नाव घेतलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट.

आपल्याकडे कोल्हापूर-सांगली भागात कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि शिकवणाऱ्याला वस्ताद. तालीम म्हणजे अरबीत शिक्षण, वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. हे शब्द इतके मुरलेत की मातीत घाम गाळणाऱ्या पोराला ते बाहेरचे वाटत नाहीत, आणि ते आता बाहेरचे नाहीतच. त्याच तालमीत हेही सांगतात की वस्ताद सगळं शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो. पठ्ठा उद्या उलटला तर असावा म्हणून. वाघाच्या मावशीनेही वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं ठेवलं. आपण ही गोष्ट हसत सांगतो आणि त्यातलं शहाणपण मान्य करतो.

अब्बा पोरवयात एका टेलरिंगच्या दुकानात कामाला होते. तिथले मास्टर कटिंग कुणाला दाखवत नसत. पोरांनी काज-बटण करायचं, तुरपाई करायची, फार तर शिलाई मारायची. कापड कापायची वेळ आली की मास्टर पोरांना चहा आणायला पिटाळत. अब्बा कटिंग शिकले ते जुने शर्ट उसवून, तुकडे कागदावर ठेवून. मी एकदा त्या मास्टरना नावं ठेवली तर अब्बांनी मलाच गप्प केलं. म्हणाले, “त्याला पाच पोरं होती. शिकवलं असतं तर आम्हीच समोर दुकान टाकलं असतं.” पुढे अब्बांनी स्वतःच्या शागिर्दाला सगळं शिकवलं, बाही कशी बसवायची, खांद्याचा उतार कसा घ्यायचा, सगळं. त्याने दोन वर्षांत खरंच समोर दुकान टाकलं. त्या रमजानमध्ये शिलाईचं निम्मं काम समोर गेलं. अम्मी बरेच दिवस त्या मुलाच्या सलामाला उत्तर देत नव्हती. अब्बा एवढंच म्हणाले की त्याची कॉलर माझ्यापेक्षा चांगली बसते.

विचारल्यावर जो इल्म लपवतो त्याला कयामतच्या दिवशी आगीचा लगाम घातला जाईल, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणीच ऐकतो. पण समोरच्या दुकानाचं काय, याचं उत्तर ज्याचं त्याला शोधावं लागतं. म्हणून मला हाउस यांची १९९२ सालची गोष्ट महत्त्वाची वाटते.

त्या वर्षी सिअ‍ॅटलच्या संघात रँडी जॉन्सन नावाचा पिचर होता. उंची सहा फूट दहा इंच, वेग भयंकर, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. त्या मोसमात त्याने दिशाहीन चेंडू टाकून १४४ फलंदाजांना फुकट पुढे जाऊ दिलं. सिअ‍ॅटल आणि टेक्सास एकाच गटातले, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी. टेक्सासच्या मैदानावर जॉन्सन सराव करत असताना रायन आणि हाउस त्याच्याशी बोलले. हाउस यांच्या लक्षात आलेलं होतं की चेंडू फेकताना जॉन्सनचा पुढचा पाय टाचेवर टेकतो, त्यामुळे सगळं अंग एका बाजूला घसरतं. चवड्यावर टेकव, म्हणजे अंग सरळ फलंदाजाकडे जाईल, एवढंच त्यांनी सांगितलं. एका वाक्यात मावेल असा सल्ला. पुढच्या वर्षी तो १४४ चा आकडा ९९ वर आला आणि जॉन्सनने ३०८ फलंदाज बाद केले. नंतर तो त्या खेळातल्या सर्वकालीन थोर पिचरांमध्ये गणला गेला. आणि पुढची अनेक वर्षं हाच जॉन्सन टेक्सासच्या फलंदाजांसमोर उभा राहत होता.

हाउस यांनी हे का केलं? ते आणि जॉन्सन दोघेही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, हे एक कारण देता येईल. मला ते पुरेसं वाटत नाही. माझा समज असा की टाच टेकताना दिसल्यावर त्यांना गप्प राहवलं नसावं. काही लोकांना भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय बसता येत नाही, मग घर कुणाचं का असेना. हाउसनी पुस्तकं लिहिली, शिबिरं घेतली, संस्था काढली आणि त्यावर पैसेही कमावले. ज्ञान वाटणं म्हणजे फुकट वाटणं असा त्यांचा आग्रह नव्हता. पण एक डाव आपल्यापाशी ठेवावा, हे त्यांच्या स्वभावात दिसत नाही.

कॉलेजातल्या पिचिंग कोचला तर डाव राखायला वेळही नसतो. मुलगा चांगला असेल तर तीन वर्षांत व्यावसायिक संघ त्याला निवडून नेतो. अगदी अलीकडेपर्यंत तीस-पस्तीस मुलांच्या संघासाठी कॉलेजला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. त्या तुकड्यातुकड्यांत वाटायच्या, आणि कुणाला किती द्यायचं यात पिचिंग कोचचाही शब्द असतो. प्रत्येक संघात एक मदतनीस कोच ‘स्वयंसेवक’ म्हणून असे, म्हणजे संघाकडून पगार नाही. ही पद्धत २०२३ मध्ये बंद झाली. सामन्यात पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे बहुतेक वेळा पिचर ठरवत नाही, कोच बाहेरून खुणेने किंवा आकड्यांनी सांगतो. आणि सगळ्यात अवघड भाग हा: सामना जिंकला तर कोचची नोकरी टिकते, पण तो जिंकण्यासाठी जो हात शेवटपर्यंत राबवायचा तो एकोणीस वर्षांच्या पोराचा असतो. अजून दहा चेंडू टाक म्हणणारे कोच असतात. ते दुष्टच असतात असंही नाही. मुख्य कोचला काढलं की त्याच्याबरोबर त्यांचीही नोकरी जाते.

२००८ साली हाउस साठीत होते आणि त्याच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पिचिंग कोच होते. भदोही जिल्ह्यातला रिंकू सिंग, वडील ट्रक ड्रायव्हर, आणि वाराणसीजवळचा दिनेश पटेल असे दोघे मे महिन्यात त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. दोघेही लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले भालाफेकपटू. भारतात झालेल्या फेकण्याच्या स्पर्धेत रिंकूने १ लाख डॉलर जिंकले होते, पण बेसबॉलचा सामना त्यांनी कधी खेळला नव्हता. इंग्रजी येत नव्हतं. धावत येऊन भाला फेकणाऱ्याला एका जागी उभं राहून चेंडू फेकायला शिकवायचं, तेही खेळाचे नियम शिकवत शिकवत. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. असा करार मिळवणारे ते पहिले भारतीय.

सिनेमा इथे संपतो. पुढचं कमी सोयीचं आहे. दोघेही खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळले, वर कुणीच पोचलं नाही. दिनेश २०१० नंतर भारतात परतला. रिंकू आणखी काही वर्षं टिकला, मग हाताच्या दुखापतींनी घेरलं. नंतर तो अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीत गेला आणि ‘वीर महान’ नावाने, कपाळावर गंध लावून, रिंगणात उतरू लागला. तालमीचा विषय निघालाच होता म्हणून सांगितलं.

हाउस यांनी आणखी एक गोष्ट ठेवून घेतली नाही. २००५ मध्ये बेसबॉलमधल्या स्टिरॉइड्सवरून अमेरिकेत गदारोळ चालू असताना त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं की खेळत असताना मीही ती घेतली होती, माझ्या वेळी अनेक पिचर घेत होते. वजन तेरा-चौदा किलोंनी वाढलं, वेग वाढला नाही, गुडघे मात्र गेले. त्यांना कुणी विचारत नव्हतं, कुठली चौकशी त्यांच्यावर नव्हती. शिकवणाऱ्याने स्वतःच्या फसलेल्या प्रयोगाचाही हिशेब द्यावा, असं त्यांना वाटलं असणार.

विद्यार्थी असताना हाउस ज्यांच्या हाताखाली खेळले ते रॉड डेडो, त्या विद्यापीठाचे दंतकथा झालेले कोच. १९४२ ते १९८६ असे पंचेचाळीस मोसम. डेडो यांचा मालवाहतुकीचा मोठा धंदा होता, म्हणून ते विद्यापीठाकडून वर्षाला फक्त एक डॉलर पगार घेत. पुढे हाउस बेसबॉलमधून अमेरिकन फुटबॉलकडे वळले आणि चेंडू फेकणारे मोठमोठे खेळाडू, टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीस, त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. ज्या निमुळत्या चेंडूवरून लोक हसले होते, तोच. त्या कामात त्यांनी एका तरुण शागिर्दाला बरोबर घेतलं आणि कारभार त्याच्याकडे सोपवत गेले. तो अ‍ॅडम डेडो, रॉड डेडो यांचा नातू. आजोबांच्या मैदानावर पिचिंग केलेला, आणि तेच शास्त्र आता फुटबॉलवाल्यांना शिकवणारा. फी मात्र तो वर्षाला एका डॉलरहून थोडी जास्तच घेत असावा.