टँक मिक्स, पण फवारणीचं नव्हे

रब्बी कांद्याची लागण उरकली, आज दिवसाची लाईट नाही, म्हणून जरा वेगळी नोंद. विषय टँकचाच आहे, पण फवारणीच्या नाही.

आमचे थोरले बंधू, घरात सगळे अण्णा म्हणतात, फौजेत रणगाडा चालवायचे. टी-५५. छत्तीस टनांचं धूड, आत चार माणसं, ड्रायव्हर पुढं डाव्या अंगाला. नोकरीतली काही वर्षं इथंच नगरला गेली, के. के. रेंजवर सराव असायचा. गेल्या श्रावणात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही अडखळतं. डॉक्टर म्हणाले, बोटांना रोज बारीक काम द्या. वहिनींनी गहू निवडायला दिले तर अण्णांनी ताटच सरकवलं. माणूस दिवसभर खिडकीतून पाइपलाइन रोडची वर्दळ बघत बसायचा. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची.

दिवाळीला पुतण्यानं पुण्याहून टी-५५चं प्लॅस्टिकचं किट आणलं. पस्तिसाव्या हिश्श्याचं, म्हणजे तोफेसकट वीतभर किंवा थोडं जास्त. जोडणी त्यानं केली. रंग अण्णांनी द्यायचा.

गंमत इथून सुरू. बाटलीतला तयार हिरवा अण्णांना दाखवला, त्यांनी मान हलवली. दुसरा दाखवला, तोही नाही. मग त्यांना रणगाडा म्युझियमला नेलं. आपल्या नगरचं हे म्युझियम आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ साली उभं केलं. बाहेरगावची माणसं बघायला येतात आणि आपण शेजारी राहून जात नाही, एकदा पोरांना दाखवाच. तिथं अण्णा बराच वेळ उभे राहिले. फोटो काढले. घरी आल्यावर म्हणाले, "गडद... पण उडालेला." उन्हानं उडालेला गडद हिरवा, असा रंग कुठल्याच बाटलीत मिळत नाही. मिसळणं आलं.

माझ्याकडं एक बाटली जपानी कंपनीची, एक स्पेनची. दोन्हीवर ॲक्रिलिक लिहिलेलं. मी म्हटलं, नाव एक तर जात एक. झाकणात दोन्ही ओतले, काडीनं हलवले, आणि नासक्या दुधासारख्या गुठळ्या! चूक माझीच. एकाचा द्रव अल्कोहोलचा, दुसरा निव्वळ पाण्यावरचा. पाण्याच्या रंगात अल्कोहोल पडलं की त्यातला डिंक गोळा होतो.

मी कपाळावर हात मारला. अण्णांनी झाकणाकडं पाहिलं आणि एकच शब्द बोलले, "बरणी."

जुने वाचक ओळखतील. काही वर्षांपूर्वी दीड एकर कांद्यावर फुलकिडे आणि करपा एकदमच आला होता. मी तीन कंपन्यांच्या बाटल्या आणि वरून स्टिकर, सगळं एका टाकीत ओतलं. नोझल तुंबले, आणि जे पडलं त्यानं पात जाळली. तेव्हा अण्णा नुकतेच रिटायर होऊन आलेले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले होते, आधी बरणीत बघितलं असतं तर बरणीच गेली असती. तेव्हापासून मी बरणी सोडली नाही: फवारणीचंच पाणी लिटरभर, शेतातल्याच प्रमाणात औषधं, आधी भुकटी नि दाणेदार, मग एससी, मग ईसी, शेवटी पूर्ण विरघळणारी. अर्धा तास ठेवायचं. गोळा, साका, वर तेलाचा थर, बरणी गरम होणं, यातलं काही दिसलं तर टाकीत नाही. ड्रिपला कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र घट्ट कालवून जिप्सम बसवणारे अजूनही आहेत, त्यांनीही हे वाचावं.

मग रंगाची बरणी म्हणजे फुटकी फरशी. थेंब थेंब मिसळून तासभर ठेवलं. स्पेनचा आणि घरातला कॅम्लिनचा ॲक्रिलिक, दोन्ही पाण्यावरचे, छान जमले. जपानी वेगळा ठेवला. तो खाली मारायचा, पुरता वाळू द्यायचा आणि मग वरून दुसरा. गंधक आणि तेलाच्या फवारणीत आपण दिवस सोडतो, तसंच. ॲक्रिलिक वाळल्यावर इनॅमलचा हात चालतो, पण इनॅमलवर एनसी थिनरवाला रंग गेला की सुरकुत्या पडतात, आणि ते थिनर प्लॅस्टिकही खातं. ओला ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, म्हणून शेड वाळल्यावरच ठरवायची. आमचं प्रमाण हिरवा ६ थेंब, मातकट पिवळा २, काळा १. फवारणीच्या वहीतच लिहून ठेवलंय, कांद्याच्या पानाशेजारी.

रोज अर्धा तास. पहिल्या आठवड्यात ब्रश तीनदा पडला. चौथ्या आठवड्यात अण्णांनी टरेटवरचा बारीक आकडा काढला, मोडका, पण काढला.

शेवटी धूळ द्यायची होती. मी शेतातली काळी माती फडक्यातून गाळून आणली. अण्णांनी चिमटीत घेतली आणि परत टाकली. "रेंजची... मुरमाड." दुसऱ्या दिवशी बांधावरचा हलका मुरूम कुटून आणला, तेव्हा मान हलली. ती धूळ त्यांनी कोरड्या ब्रशनं स्वतः मारली.

फोटो टाकतोय. मागच्या बाजूला रंग ओघळलाय. पुतण्या घासून काढणार होता, अण्णांनी काढू दिला नाही.